उजवीकडचा दगड

आमच्या कारखान्यातल्या साहेब लोकांना १९८१ साली गोल्फ झाला. त्याआधी त्यांना फार तर मधुमेह होत असे.

सातपूरच्या पुढे, त्र्यंबक रस्त्याला लागून कंपनीनं विस्तारासाठी जमीन घेऊन ठेवली होती. विस्तार झाला नाही, म्हणून गोल्फ आला. मुरमाची टेकाडं सपाट केली, नऊ भोकं पाडली, भोकाभोवती तेल मारलेली वाळू पसरली आणि तिला ग्रीन म्हणायचं असं ठरलं. मागे अंजनेरीचा डोंगर होता. तो आधीपासूनच होता, पण साहेब लोक पाहुण्यांना तोही आपणच बसवून घेतल्यासारखा दाखवत. मी लेबर वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे ज्याला काही काम नाही याबद्दल कामगार आणि मालक यांचं एकमत असतं तो माणूस. क्लबची सेक्रेटरीशिप आपसूक माझ्या गळ्यात पडली.

निवृत्ती पिंगळे आमचे डेप्युटी वर्क्स मॅनेजर. मखमलाबादच्या मळ्यातला मुलगा, पुण्याला इंजिनियर झालेला, कामाला वाघ. वर्क्स मॅनेजर मार्चअखेर रिटायर होणार होते आणि त्या खुर्चीसाठी माणूस निवडायला मुंबईहून नवे डायरेक्टर येणार होते. हे गृहस्थ माणूस गोल्फच्या मैदानावर पारखतात अशी बातमी होती. यंत्रं माणसाला पारखतात, मग चेंडूनं काय घोडं मारलंय, असा विचार मुंबईत करत असावेत.

पिंगळ्यांना ती खुर्ची हवी होती. आणि पिंगळ्यांना स्लाइस होता.

स्लाइस म्हणजे चेंडू निघतो सरळ, पण हवेत मध्येच त्याचं मन बदलतं आणि तो उजवीकडे वळतो. चौथ्या भोकावर पिंगळ्यांचा प्रत्येक चेंडू गोठा दिसलेल्या बैलासारखा उजवीकडच्या रानात जाई. देवळालीच्या एका रिटायर्ड मेजरनं त्यांची पकड बदलली, पाय बदलले, उजव्या काखेत रुमाल धरून मारायला लावलं. दिवाळीपर्यंत पिंगळे काखेत रुमाल धरून फिरत होते. चेंडूला त्याचं काही वाटलं नाही.

त्या सुमारास मी जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या तसबिरी लावल्या होत्या. कामगार पान खाऊन तिथे थुंकत. नोटिसांवरही थुंकत. तसबिरी लागल्या आणि कोपरे स्वच्छ झाले. एका दुपारी पिंगळे जिन्यात उभे दिसले.

"काय हो, आता इथे कुणाची हिंमत होत नाही ना?"

"थुंकायची? नाही."

"म्हणजे कुणी न सांगता हात आवरतो."

"हात नव्हे साहेब, तोंड," मी म्हणालो, पण ते निघून गेले होते.

पुढच्या रविवारी त्यांनी फियाटच्या डिकीतून नारळाएवढा एक दगड काढला. कारखान्यामागच्या ढिगातलाच. पंचवटीतून शेंदूर आणला होता. तो तेलात कालवून त्यांनी स्वतःच्या हातांनी दगडाला फासला आणि चौथ्या भोकाच्या उजव्या बाजूला, जिथे चेंडू हरवत, तिथे बसवला.

"हे काय?" मी विचारलं.

"सायकॉलॉजी," पिंगळे म्हणाले. "देवाच्या अंगावर चेंडू मारायला माझा हात धजणार नाही. मळ्यातला माणूस आहे मी."

मी हसलो. त्यांनी काठी फिरवली. चेंडू सुतासारखा सरळ गेला.

त्यानंतर एकही चेंडू वळला नाही. साहेब लोकांत त्यांची वाहवा झाली. दगडापुढे नारळाच्या करवंट्या दिसू लागल्या, तेव्हा मी गवत कापणाऱ्या रंगूबाईला हटकलं.

"नारळ कशाला फोडलास?"

"हितलं गवत न्यायचं तं इचारायला नको?"

"अगं, हा दगड साहेबांनी आणलाय, डिकीतून."

"मंग?" रंगूबाई म्हणाली. "द्येव काय चालत येतो?"

जानेवारीत पिंगळे हातमोजे घालून ऑफिसात येऊ लागले. गोल्फवाल्यांचे एकेक षोक म्हणून मी सोडून दिलं. मग त्यांच्याकडे चहाला गेलो असताना, पिंगळे आत फोनवर बोलत होते तेव्हा सिंधूवहिनी दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या तळहातांचा शेंदूर निघत नाहीये. रॉकेल लावलं, चिंच लावली. आता मनगटापर्यंत आलाय."

"नवीन फासला असेल, वहिनी."

"नाही हो. त्यानंतर डबीसुद्धा उघडली नाही ह्यांनी."

त्याच आठवड्यात पिंगळ्यांनी मला मैदानावर बोलावलं. दगड सरकला होता. उजवीकडच्या रानातून निघून तो चेंडू मारायच्या साफ केलेल्या पट्टीच्या काठाशी आला होता.

"युनियनची कामं," मी म्हणालो. माझ्या नोकरीत बऱ्याच गोष्टींना हे उत्तर चालतं.

"उचलून ठेवा," पिंगळे माळ्यांना म्हणाले.

दोघा माळ्यांनी हात घातला. मग पहार आणली. दगडाभोवती खणत गेले. कमरेइतका खड्डा झाला, तरी दगड खाली जातच होता. खाली तो रुंदही होत होता. माती ओली होती. त्या रानात विहीरसुद्धा कोरडी असे.

एक माळी खड्ड्यातून वर आला आणि त्यानं पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. पिंगळ्यांनी खड्डा बुजवायला सांगितला.

पुढच्या रविवारी दगड पट्टीत शिरला होता. आधीच्या जागी खड्ड्याची खूणही नव्हती. तिथे वाळकं गवत होतं, वर्षभर कुणी न तुडवल्यासारखं.

"साहेब, चौथं भोक बंद ठेवू या," मी म्हणालो.

"डायरेक्टर परवा येतायत. नऊच्या नऊ खेळणार आहेत." मग पिंगळे वेगळ्याच आवाजात म्हणाले, "चेंडू सरळ जातोय ना? मग झालं तर."

डायरेक्टर आले. पांढरी टोपी, पांढरे बूट, आणि वाक्यागणिक एक इंग्रजी म्हण. सकाळचं ऊन होतं. चौथ्या भोकाशी आम्ही उभे राहिलो. दगड गुडघ्याएवढा झाला होता आणि पिंगळे नि झेंडा यांच्या बरोबर मध्ये होता.

"व्हॉट्स दॅट?" डायरेक्टरनी विचारलं.

"लोकल गॉड, सर," मी म्हणालो.

"चार्मिंग."

पिंगळ्यांनी हातमोजे काढले. कोपरापर्यंत हात शेंदरी होते. डायरेक्टर झेंड्याकडे पाहत होते.

पिंगळे थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जरासा उजवीकडे गेला तरी चालेल, साहेब," मी म्हणालो.

"आता तो जात नाही हो," ते म्हणाले.

त्यांनी मारला.

चेंडू सरळ गेला. दगडावर आपटल्याचा आवाज आला नाही. चेंडू पलीकडेही दिसला नाही.

"ब्यूटिफुल," डायरेक्टर म्हणाले. "दॅट्स माय मॅन."

पिंगळे चेंडू आणायला चालत गेले. दगडाला वळसा घालून पलीकडे गेले. खाली वाकले. गुडघ्याएवढ्या दगडामागून त्यांची पाठ दिसत होती.

मग दिसेना.

मी तिथवर धावलो. मोकळं रान होतं. झाड नव्हतं, खड्डा नव्हता, माणूस नव्हता.

पोलीस येऊन गेले. कंपनीनं पिंगळ्यांना आधी गैरहजर, मग विनापरवाना गैरहजर दाखवलं, आणि खुर्ची मुंबईच्याच कुणाला तरी मिळाली. दगड तिथून पुढे हलला नाही. क्लब एप्रिलमध्येच मोडला. पुढल्या चैत्रात कामगारांनी वर्गणी काढून वर चार पत्रे टाकले आणि पूजेला त्र्यंबकहून गुरुजी आणले. सिंधूवहिनीही आल्या होत्या, हिरव्या लुगड्यात, कपाळावर ठसठशीत कुंकू.

गुरुजींनी पळी हातात घेतली आणि विचारलं, "देवाचं नाव काय घ्यायचं?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. कामगार एकमेकांकडे पाहू लागले, मग वहिनींकडे.

"तुम्हाला माहीत असेल, बाई," गुरुजी म्हणाले. "सांगा."

वहिनींनी डोक्यावरून पदर पुढे ओढला, दगडाकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि नाव घेतलं नाही.