परक्या संगणकावरची ऊब

चंद्रावरच्या वस्तीत कोंबडी एकही नव्हती. अंडी मात्र होती, पृथ्वीवरून कापसात जपून आणलेली. उबवणी यंत्रात ती ठेवली तेव्हा सगळ्यांदेखत वेणूने सांगितलं होतं, "यांना मी सांभाळणार." आणि पिल्लं बाहेर पडायच्या बेतात असताना यंत्राचा संगणकच बंद पडला!

"खुडूक कोंबडी असती तर ही पाळी आली नसती," भागीरथीआजी कडाडली. "ती बसली की बसली. तिला वीज लागत नाही, की बटण लागत नाही."

वेणूने यंत्राच्या काचेला हात लावून पाहिला. अंडी गार होत चालली होती. ढब्बू यंत्रमानवाने धावत जाऊन गोदामातला नवा संगणक आणला, जोडला, उबवणीचा प्रोग्रॅम त्यावर चढवला. पडद्यावर उमटलं, 'आज्ञा समजली नाही.'

"का रे? तोही संगणकच, हाही संगणकच!" वेणू म्हणाली.

"याची ऑपरेटिंग सिस्टिम (संगणकाचा सगळा कारभार बघणारी मुख्य आज्ञावली) वेगळी आहे. जुन्यात अरुण नावाची होती, यात वरुण नावाची. त्या बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींच्या वैरिणी. प्रोग्रॅम स्वतः काही उबेचा दिवा पेटवत नाही. तो सिस्टिमकडे मागणी करतो. आणि मागायची रीत दोघींकडे निराळी."

"म्हणजे जावाजावा," आजीने नाक मुरडलं. "एकीने डबे वर मांडले, की दुसरीने मुद्दाम खाली मांडायचे. स्वयंपाकाला आलेल्या बाईने बसावं चाचपडत!"

"पण आजी, त्या बाईशेजारी घरचं कुणी उभं राहिलं तर? तिने हात पुढे केला की हवा तो डबा हातात द्यायचा!" वेणू म्हणाली.

"तेच करतो," ढब्बूचे डोळे चमकले. "त्याला सुसंगतता स्तर म्हणतात (दोघांच्या मध्ये बसून एकाची मागणी दुसऱ्याला कळेल अशी करून देणारी आज्ञावली). प्रोग्रॅमला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

ढब्बूने भराभर तसा स्तर रचला. दिवा लागला. वेणूने टाळी वाजवली आणि तिचा हात तसाच थांबला. तापमानाचा काटा वर चढत होता. चढतच होता!

"अंडी उकडून काढतोस का, मेल्या?"

"मी प्रत्येक मागणी बरोबर पोचवतोय, आजी!"

"आजी, काल शेजारच्या काकूंकडे तू आमटी खारट केलीस ना, तसंच झालंय," वेणू म्हणाली.

"मी केली? त्यांचा चमचा बघितलास? फावडं नुसतं! मी आपली सवयीने दोन चमचे..."

"चमचा!" वेणू ओरडली. "ढब्बू, ऊब वाढवायची वरुणची एक पायरी केवढी?"

ढब्बूने वरुणची माहिती उघडून पाहिली. "अरुणच्या चौपट. मी डबा बरोबर दिला, माप बघितलंच नाही."

त्याने माप दुरुस्त केलं. वेणूने झाकण उचलून गरम हवा बाहेर सोडली. काटा हळूहळू उतरला आणि हिरव्या खुणेवर येऊन टेकला. सगळे कान देऊन बसले.

टक्. एका कवचाला तडा गेला. मग दुसऱ्याला.

आजी पदराने कपाळ पुसू लागली. "हुश्श! जीव भांड्यात पडला गं बाई."

"ढब्बू," ओल्या पिसांचा गोळा निरखत वेणू म्हणाली, "पाण्याचं यंत्रही अरुणवरच चालतं. त्यासाठीही असा मधला स्तर आत्ताच करून ठेवू या. मापांसकट. कंपन्या भांडेनात का खुशाल!"

"आधी याला दाणे दे," आजी म्हणाली. "चंद्रावर जन्मलंय, पण भूक आपल्याकडचीच आहे."