केडगावची सुनावणी

दौंडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून शिकवून माझा घसा दुपारपर्यंत बसलेला असे. त्यामुळे दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात इंद्रजीत नावाचा अधिकारी दुभाष्याचं काम घेऊन पुण्याहून आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. तो म्हणाला, "करुणामॅडम, सुट्टीच तर आहे. गावोगावच्या सभा आणि एकच परदेशी पाहुणे. तेही फारसे बोलत नाहीत." मग मी हो म्हटलं.

इंद्रजीतची संस्था सरकारी नव्हती आणि कंपनीही नव्हती. परदेशातली खासगी अभ्याससंस्था. देशोदेशीचे मंत्री तिच्या परिषदांना जात आणि तिथून धोरणं घेऊन येत. कालव्याचं पाणी सरकारनंच वाटायचं, की कंपन्यांच्या हाती देऊन त्याला दर लावायचा, यावर ती आता शेतकऱ्यांचं मत घेत होती, दिल्लीला कळवण्यासाठी.

"आणि दिल्लीतलं सरकार बदललं तर?" मी विचारलं.

"बदलू दे की." त्यानं जांभई दिली. "खुर्चीत कुणीही बसू दे, मागं आम्हीच असतो."

शिरूरकडच्या सभा तेव्हा उरकल्या होत्या. तिथं एकानंही विरोध केला नाही, असं त्यानं सांगितलं. सांगताना तो खूश दिसला नाही. थकलेला दिसला.

पाहुण्यांचं नाव हॅलम. साठीचे, सडसडीत गृहस्थ. उकळलेलं पाणी प्यायचे, लहानथोरांना हात जोडायचे आणि जीपमध्ये डोळे मिटून बसायचे.

आमच्या तालुक्यातली पहिली सभा वरवंडला, शाळेच्या पत्र्याखाली. ऊन असं की पत्रा मधूनच कडकन वाजे. सभेआधी पोपटरावांनी मला गाठलं. ते साखर कारखान्याचे संचालक. त्यांच्यापुढं तालुक्यात कुणी आवाज चढवत नसे.

"ताई, सायबाला नीट सांगा," ते म्हणाले. "आमच्या जमिनी गेल्या तवा ह्यो कॅनॉल झाला. आता कुठली कंपनी येऊन आमालाच पाणी इकनार व्हय?"

पाळी आल्यावर ते उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "पाण्याला योग्य मूल्य असेल, तरच वापरकर्ता... जबाबदार होईल."

'जबाबदार'च्या आधी त्यांनी छोटासा श्वास घेतला. मग ते खाली बसले. मी इंग्रजीत सांगितलं. हॅलमनी मान लववली.

मला वाटलं, वरून कुणाचा तरी निरोप आला असेल. पुढाऱ्यांना निरोप येतात, त्यात नवल ते काय.

भांडगावला पुतळाबाई उठल्या. अंगठेबहाद्दर बाई, डोईवर पदर, पायांवर धुळीची पुटं. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "पाण्याला योग्य मूल्य असेल, तरच वापरकर्ता... जबाबदार होईल."

तोच श्वास, त्याच जागी.

सभा संपल्यावर मी त्यांना बाहेर लिंबाखाली थांबवलं. "मावशी, आत काय म्हणालात तुम्ही?"

"म्हंजी? तूच तर सांगितलंस की सायबाला!" त्या माझ्याकडं संशयानं पाहू लागल्या. "वरची लोकं मोटरी लावून पानी उपसत्यात, आमच्या चारीत थेंब येत न्हाई, असं म्हनले. बराबर सांगितलंस न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मी दौंडला डॉक्टरांकडून कान तपासून घेतले. कान ठणठणीत होते. डॉक्टर म्हणाले, उन्हात फिरू नका.

तिसरी सभा आमच्याच केडगावात होती.

माझे वडील म्हाळू आबा रेल्वेत गँगमन होते. रुळांवर घण मारून मारून त्यांचे कान गेलेले; समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून ते गप्पा मारत. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या वस्तीतल्या माणसांना पाणी वरून ओंजळीत ओतलं जाई. पुढं तरुणपणी आबांनीच वस्तीला गोळा करून त्या विहिरीत पोहरा सोडला होता. त्या दिवसाबद्दल ते फार बोलत नसत. पाण्याची सभा मात्र त्यांनी कधी चुकवली नाही.

"आबा, आजच्या सभेला नका येऊ," मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले.

"का गं? म्हातारा झालो म्हनून?"

"तसं नाही. तिथं माणसाचं बोलणं... बिघडतं."

ते हसले. "माझं काय बिघडंल? सांगतो की. पानी मागून घ्यायचं नसतं. त्याला धनी नसतो."

त्यांनी धुतलेला सदरा घातला.

सभा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भरली. पंखा फिरत होता आणि वारा लागत नव्हता. आबा उठले. मी त्यांच्या अगदी समोर, हॅलमच्या शेजारी.

आबांचे ओठ हलले. ते तोंड मी जन्मापासून पाहत आले आहे. 'विहीर' म्हणताना त्यांचा खालचा ओठ दाताखाली जातो. तो गेला. 'पोहरा' म्हणताना ओठ मिटले. ते हात उंचावून, छाती पुढं काढून विहिरीची सगळी हकीकत सांगत होते.

आवाज म्हणत होता, "पाण्याला योग्य मूल्य असेल, तरच..."

हॉल माना डोलावत होता.

मी ठरवलं. आवाज ऐकायचाच नाही. ओठांवर जे आहे, तेच सांगायचं. दुभाष्याला तेवढा तरी हक्क असतो.

मी इंग्रजीत बोलायला लागले. "हे माझे वडील. ते म्हणतात, विहिरीला धनी नसतो."

हॅलमनी मान लववली.

माझी जीभ माझे शब्द उच्चारत होती. टाळूला, दातांना ती कुठं लागते, ते मला कळत होतं.

कानांवर मात्र माझाच आवाज पडला, इंग्रजीत तेच वाक्य म्हणणारा. योग्य मूल्य. वापरकर्ता.

मग मी एक छोटासा श्वास घेतला. घ्यायचा नव्हता, तरी घेतला.

सभा उठल्यावर मी जीपपाशी हॅलमना अडवलं. "माझे वडील हे बोलले नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "मला मराठी येत नाही, मॅडम," ते हळू म्हणाले. "मी ऐकतो, ते फक्त तुमचं."

इंद्रजीत दुसरीकडं बघत उभा होता.

मी ते काम सोडलं. घरी आल्यावर आबांनी विचारलं, "बोललो का न्हाई नीट?"

"छान बोललात, आबा."

"लोकं डोलत हुती," ते समाधानानं म्हणाले.

पावसाळा संपता संपता पाण्याला दर लावणारं नवं धोरण आलं. दिल्लीतून मंत्र्यांचं भाषण दाखवत होते. रविवारची दुपार होती. मी पेपर तपासत होते, आबा टीव्हीसमोर बसले होते. मंत्री हिंदीत, प्रसन्न चेहऱ्यानं सांगत होते की, ही मागणी शेतकऱ्यांचीच आहे, सरकारनं फक्त ती ऐकली. आवाज भरदार, कुठं अडखळणं नाही. मागच्या रांगेत हॅलम डोळे मिटून बसले होते.

आबांना ऐकू येत नव्हतंच. ते पुढं वाकले, पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि मंत्र्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"करुणा," ते म्हणाले, "ह्यो मानूस मघापास्नं आईला का हाका मारतुया?"