एकाच टाकीचं पाणी

चंद्राच्या, पृथ्वीकडे पाठ असलेल्या बाजूवरच्या दुर्बीण-तळावर दोनच माणसं राहत होती: पूर्वा हर्डीकर आणि तिचा नवरा श्रीरंग. तळावर दोघं असली की दुर्बिणीपाशी सतत एकाने जागं राहायचं असा नियम होता, म्हणून एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. मध्ये अर्धा कप चहा होईल एवढीच भेट. इतक्या वर्षांत एकही भांडण नाही, असं पूर्वा अभिमानाने सांगायची. भांडायला दोघं एका वेळी जागी तर हवीत, हे बाईसाहेबांच्या लक्षात आलं नव्हतं.

मग तिला लघवीला आग होऊ लागली, पुढे रक्तही दिसलं. तळावरच्या तपासयंत्राने मूत्राशयाच्या अस्तराचा कणभर तुकडा घेतला आणि अहवाल मिरजेला डॉ. मुजावरांकडे पाठवला.

"जंतू नाहीत," डॉक्टर पडद्यावरून म्हणाले. "इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, ॲलर्जी झाली की धावून येणाऱ्या. त्यांनी तुमच्या मूत्राशयाच्या भिंतीत ठाण मांडलंय. फार क्वचित दिसतो हा आजार."

"पण मूत्राशयातच का?"

उत्तर चंद्रापर्यंत पोचायला नेहमीसारखा थोडा वेळ लागला.

"तुम्हाला न मानवणारी एखादी वस्तू मूत्रपिंडांतून जशीच्या तशी बाहेर पडते आणि तासन्‌तास तिथे साठून राहते. औषधाने सूज उतरेल, पण ती वस्तू पोटात जातच राहिली, तर भिंत कायमची आखडेल. कारण सापडलं नाही तर परतीच्या यानाने तुम्हाला इकडे आणावं लागेल."

"आणि श्रीरंग?"

"दुर्बीण बंद ठेवता येत नाही, मॅडम. ते तिथेच राहतील."

पूर्वाला स्वतःच्या दुखण्यापेक्षा याचीच धास्ती वाटली. तो बिचारा इथे एकटा कसा राहील? तिने साबण बदलला, लसणाची चटणी सोडली, डबाबंद मासे सोडले. आग काही थांबेना.

"पाण्याचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाणी आमचंच. दोघांचा घाम, दोघांची लघवी, जलचक्रात गाळून पुन्हा एकाच टाकीत."

"मग टाकीतलं पाणी तपासा."

यंत्राने पाण्यात एकच परकी गोष्ट दाखवली: सोबतद्रव्य. अहवाल वाचताना डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"एकट्याने तळ सांभाळणाऱ्यांना देतात हे. एकटेपणा जाणवतच नाही. याचा रेणू इतका लहान, की गाळणीतूनही निसटतो. बहुतेकांना काही होत नाही, तुम्हाला मात्र मानवलेलं दिसत नाही. कधीपासून घेताय?"

"मी घेत नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला.

"मग जे घेतात त्यांनी थांबवायला हवं," डॉक्टर हळूच म्हणाले.

पाळी बदलताना पूर्वाने चहा ओतलाच नाही. "आपण दोघं असताना तुला एकटं वाटतं?"

श्रीरंगने रिकामा कप बाजूला सारला. "आधीच्या माणसाच्या गोळ्या कोठारात होत्या. थोडेच दिवस घेणार होतो गं. पण तू कायम इतकी मजेत असायचीस. वाटलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे."

तिला फार वाईट वाटलं. रागही आला, पण तो कुठूनसा लांबून आल्यासारखा. कसं का असेना, तिला जावं लागणार नव्हतं. श्रीरंगने गोळ्या सोडल्या, टाकी धुऊन घेतली, बर्फाच्या साठ्यातलं नवं पाणी भरलं. आग ओसरली, रक्त थांबलं. डॉक्टरांनी परतीचं नाव काढलं नाही.

आणि मग एकदा, पाळीवर असताना, पूर्वाची नजर शेजारच्या खुर्चीवर गेली. ती खुर्ची पहिल्या दिवसापासून तिथे होती, पहिल्या दिवसापासून रिकामी होती. तिने गाणं लावलं, बंद केलं. आईचा जुना निरोप ऐकायला घेतला, तोही अर्ध्यावर सोडला. टाकीच्या पाण्यातून श्रीरंगच्या गोळ्या इतकी वर्षं कोण कोण घेत होतं, हे तिला तेव्हा कळलं.

तिने झोपायच्या खोलीचं दार सरकवलं. श्रीरंग जागाच होता.

"मला करमत नाहीये," ती म्हणाली.

"मलाही," तो म्हणाला. "पहिल्या वर्षापासून."

"मग तेव्हाच बोलायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"आणि तू? एकदा तरी विचारलंस?"

ती दोघं चंद्रावर पहिल्यांदाच कडाकडा भांडली, पुढची पाळी सुरू होईपर्यंत.