अजून थोडं पुढे

"देतो की हॉटस्पॉट. आधी बसा." भाच्यांनी हात पुढे केले तसा मामांनी फोन खिशात घातला. वीज गेलेली, तिच्यामागोमाग घरचं इंटरनेटही. "माझ्या मित्राच्या पोराची गोष्ट आहे. खोटी वाटली तर त्यालाच विचारा. सांगायचा नाही म्हणा तो."

पोरगा शिकायला बाहेरगावी होता. सगळ्यात वरच्या मजल्यावर खोली, डोक्यावर थेट गच्ची. खोलीत तिघं. इंटरनेट घ्यायची दर महिन्याला चर्चा व्हायची आणि दर महिन्याला बारगळायची, कारण टॉवर होता ना! टॉवर म्हणजे त्यांच्यातला उंच, दिलदार पोरगा. खोलीत रेंज कधी असायची, कधी नसायची. मग हा गच्चीवर जाऊन कठड्यावर फोन ठेवायचा, हॉटस्पॉट चालू करायचा, आणि खाली दोघांची फुकटात चैन. आपला पोरगा, त्याला सगळे चष्मिस म्हणत, खिडकीतून वर हुकूम सोडायचा, "अरे, अजून थोडं पुढे ठेव ना!"

जानेवारीतल्या एका संध्याकाळी टॉवर जरा जास्तच पुढे वाकला.

खालून कुणी काय ओरडलं होतं, ते चष्मिसनं कुणालाच सांगितलं नाही. टॉवरच्या वडिलांनाही नाही. चक्काचूर झालेला फोन मुलाच्या निळ्या मफलरमध्ये बांधून ते घरी घेऊन गेले, तेव्हा हा मान खाली घालून उभा होता. लाज वाटत होती त्याला, पण तोंड उघडलं नाही.

एकतीस मार्चची रात्र. तिसरा पोरगा घरी गेलेला. बाराच्या आत प्रोजेक्ट पाठवायचं, नाहीतर वर्ष वाया. आणि फोनला रेंज नाही. वॉचमनकाकांकडे हॉटस्पॉट मागावा म्हणून चष्मिस उठला, तेवढ्यात लॅपटॉप आपणहून जोडला गेला. ओळखीचं नेट दिसलं की जोडून घ्यायची त्याला सवय होती.

नाव होतं... टॉवर.

त्यानं नाव परत वाचलं. मग त्यानं मनाची समजूत घातली, शेजारचं कुणीतरी वात्रटपणा करत असेल. पण मग पासवर्ड? तो विचार त्यानं बाजूला सारला. वर्ष वाया जाणार होतं ना.

फाइल जायला लागली. मध्येच अडकली. तो लॅपटॉप घेऊन दाराशी गेला. सरकली. परत अडकली. जिन्यात आला... सरकली. पोरगा स्क्रीनकडे बघत चढत होता, पायांकडे नाही.

टॉवर गेल्यापासून गच्चीला कुलूप असायचं. त्या रात्री दार नुसतं लोटलेलं होतं.

काळोख. वारा नाही. कठडा पोटाला लागला. त्यानं लॅपटॉप हातात धरून हात लांब केले. जरासंच राहिलं होतं... अगदी जरासं.

तेव्हा आवाज आला. समोरून. कठड्याच्या पलीकडून.

तिकडे उभं राहायला काहीच नाही.

"अजून थोडं पुढे ठेव ना..."

टॉवरचा आवाज नव्हता तो. चष्मिसचा स्वतःचाच होता.

लॅपटॉप हातातून सुटला. खाली आपटल्याचा आवाज...

आलाच नाही.

चष्मिस मागे पडला आणि रांगतच जिन्यापर्यंत गेला. वॉचमनकाकांच्या खुर्चीशेजारी तो उजाडेपर्यंत बसून होता. "मीच म्हणालो होतो त्याला," एवढं एकच बोलत होता. काकांनी शेवटी स्वतःचा फोन त्याच्या हातात दिला. "मला काय सांगतोस? त्याच्या वडलांना सांग."

त्यानं सांगितलं. सगळं.



मग वडील म्हणाले, "आत्ताच कपाट उघडलं होतं, बाळा. फोनचे तुकडे आहेत जागेवर. मफलर कुठे गेला, कळत नाही..."

काका आणि तो रस्त्यावर शोधून आले. काचेचा कणही नव्हता. मग वर गेले. टॉवरच्या रिकाम्या कॉटवर लॅपटॉप होता. प्रोजेक्ट पोचलं होतं, पण ते कळलं नंतर. आधी गाठ सोडवावी लागली.

निळ्या मफलरची.