टाकून दिलेलं प्रथिन

विद्यापीठाच्या चौकातल्या पानठेल्यावर हल्ली एक नवीच रीत पडली होती. तंबाखू-सुपारीचा खर्रा सांगायचा, आणि ठेलेवाला तो प्लास्टिकच्या पन्नीवर घोटत असेपर्यंत शेजारच्या ‘मुखमित्र’पुढे उभं राहायचं. कागदाची पट्टी जिभेखाली धरायची, ओली झाली की यंत्राच्या फटीत सारायची. हिरवा दिवा लागला की गिऱ्हाईक ऐटीत म्हणायचं, "घोट बाप्पा, आन एक जास्तीचा बांधून दे!" तोंडाचा कर्करोग वेळेवर कळावा, माणसानं घाबरून तंबाखू सोडावी, म्हणून सरकारनं गावोगाव बसवलेलं हे यंत्र. लोकांनी त्याचा परवाना करून टाकला. आता बोला!

डॉ. कुमुद लांजेवार गाडीत बसून हे बघत होत्या. हे यंत्र त्यांच्याच संशोधनातून निघालेलं. त्यांचा धाकटा भाऊ मोरेश्वर ठेल्यावर उभा होता, आणि दोन अनोळखी माणसांना गाडीकडे बोट दाखवून सांगत होता, "ती माही ताई बरं का! हे मशीन तिनंच काढलं." माणसांनी वाकून नमस्कार केला. कुमुदताईंना ओशाळल्यासारखं झालं, पण खोटं कशाला बोला, बरंही वाटलं.

थेंबभर लाळेत हजारो तऱ्हेची प्रथिनं असतात. त्या सगळ्या गोतावळ्याची एका दमात शिरगणती करायची, ही कुमुदताईंची विद्या. तिला प्रोटिओमिक्स म्हणतात. शरीरात काही बिघडू लागलं की या गोतावळ्यात कोणी नवा येतो, कोणी नाहीसा होतो, आणि हे माणसाला दुखू लागायच्या कितीतरी आधी घडतं. ते वाचण्यात कुमुदताईंची सगळी हयात गेली. लग्न राहिलं, आईचं आजारपण मोरेश्वरनं एकट्यानं काढलं. त्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही.

तर एका रविवारी मोरेश्वर ताईकडे जेवायला आला होता. ताईनं त्याच्या आवडीचा सावजी रस्सा केला. त्यानं वाटी बाजूला सारली आणि पोळी वरणात कुस्करायला घेतली.

"काय रे, रस्सा नको?"

"तिखट लागते."

नागपूरचा माणूस आणि सावजी रस्सा तिखट लागतो म्हणतो! कुमुदताईंचा घास हातातच राहिला.

"आ कर पाहू."

"जेऊ दे नं ताई."

"आ कर म्हणते ना!"

त्यानं तोंड उघडलं, पण उघडलं म्हणजे किती? दोन बोटं आत जाईनात. गालाच्या आत पांढुरका चट्टा होता आणि त्याची कड लाल झालेली.

"परवाच हिरवा आला होता," मोरेश्वर म्हणाला. "दर महिन्याले करतो मी. तुह्याच मशीनवर तुहा भरोसा नाही काय?"

कुमुदताईंनी त्याला तसाच गाडीत घातला, प्रयोगशाळा उघडली आणि त्याची लाळ घेतली. तिथलं यंत्र मुखमित्राच्या पणजोबासारखं, अर्धी खोली व्यापून बसलेलं. लाळेतल्या प्रथिनांचे विकरानं, म्हणजे एन्झाइमनं, बारीक तुकडे करायचे, ते तुकडे हवेत उडवून एकेकाचं वजन करायचं, आणि वजनावरून कोणता तुकडा कोणत्या प्रथिनाचा हे ओळखायचं. काम संपलं. पडद्यावर उत्तर आलं: धोका नाही.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मग त्यांनी टोपली उघडली.

टोपली म्हणजे संगणकातली ती जागा, जिथं कचरा म्हणून वगळलेले तुकडे जाऊन पडतात. त्यात सगळ्यात जास्त असतं केराटिन, म्हणजे आपल्या त्वचेतलं, केसांतलं, नखांतलं प्रथिन. काम करणाऱ्याच्या हातावरचा एखादा कण नमुन्यात पडला की ते येतं. जगातली प्रत्येक प्रयोगशाळा त्याला वैतागलेली असते. म्हणून पहिल्या दिवशीच विद्यार्थ्याला शिकवतात, केराटिन दिसलं की टाकून द्या. मुखमित्रालाही कुमुदताईंनी तेच शिकवलं होतं.

मोरेश्वरच्या टोपलीत केराटिनचा डोंगर होता. आणि ते हाताच्या कातडीचं नव्हतं. केराटिनचे कितीतरी प्रकार असतात, आणि हा प्रकार तोंडाचं अस्तर आतून बिघडू लागलं की सुटतो. भावाचा रोग महिनोन् महिने यंत्रापुढे ओरडून सांगत होता, आणि यंत्र त्याला दर खेपेला केराची टोपली दाखवत होतं.

हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही, हीच तर खरी नामुष्की! यंत्र गावोगाव जायच्या आधी, विभागाच्या बैठकीत, त्यांची संशोधक विद्यार्थिनी विशाखा गजभिये उभी राहिली होती. "मॅडम, काही नमुन्यांतलं केराटिन आपल्या हातांचं नाही वाटत. पेशंटच्या तोंडातलं आहे. सरसकट टाकू नये."

आणि कुमुदताई काय म्हणाल्या? हसून म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे हात धुवायची पद्धत नाही का?"

सगळे हसले. विशाखा खाली बसली. ‘तुमच्याकडे’ म्हणजे कोणत्या जातीत, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळलं होतं. महिन्याभरात तिनं प्रयोगशाळा सोडली, तेव्हा कुमुदताई म्हणाल्या होत्या, आजकालच्या मुलांना सोसत नाही.

त्या आठवणीनं आता कुमुदताईंचे कान तापले. बाहेर बाकावर भाऊ बसला होता. त्याच्यासमोर जायला त्यांचा पाय उचलेना.

दवाखान्यात गालाचा तुकडा काढून तपासला. कर्करोगच निघाला. गाल कापावा लागणार होता, जबड्याचा काही भागही. मोरेश्वर ताईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू नको रडू. खर्रा तं मीच खात होतो." त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. कुमुदताईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांनी मुखमित्र योजनेचे संचालक पवनीकर यांना फोन करून सगळं सांगितलं. पवनीकर शांतपणे म्हणाले, "मॅडम, पुढच्या सुधारणेत दुरुस्त करून टाका ना. बोभाटा कशाला? लोकांचा विश्वास उडेल." कुमुदताई "बघते" म्हणाल्या. नुसतं ‘बघते’! फोन ठेवल्यावर स्वतःचीच किळस आली त्यांना.

दुसऱ्या दिवशी त्या भंडाऱ्याला गेल्या. विशाखा तिथं महाविद्यालयात शिकवत होती. प्रयोगशाळेच्या दारात मॅडमना बघून ती दचकली, पण सवयीनं खुर्ची पुढे केली आणि पाणी दिलं.

"विशाखा, तुझं बरोबर होतं," कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी भावाचं सांगितलं, टोपलीचं सांगितलं. "आणि त्या दिवशी मी जे बोलले ते... ते घाणेरडं होतं. हात धुण्याबद्दल नव्हतंच ते. तुला कळलं होतं, मलाही कळलं होतं."

विशाखानं विचारलं, "भाऊ कसे आहेत?"

"शुक्रवारी ऑपरेशन आहे."

"आणि बाकीचे? ज्यांना हिरवा मिळाला ते?"

"गावोगावच्या यंत्रांच्या टोपल्या सगळ्या जपून ठेवलेल्या आहेत. परत वाचता येतील. कोणतं केराटिन ठेवायचं, कोणतं टाकायचं, ते तुला येतं. पण पवनीकर म्हणतात, गुपचूप दुरुस्त करा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"‘बघते’ म्हणाले," कुमुदताईंनी कबूल केलं. मग त्यांनी पर्समधून फोन काढला आणि तिच्यासमोरच पवनीकरांना लावला. "यंत्रं आजच बंद करा," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मी पत्रकारांना बोलावते आहे. चूक माझी होती, आणि मला ती आधीच दाखवून दिली होती, हेही सांगणार आहे. कोणी दाखवली, तिच्या नावासकट." पवनीकर पलीकडून बरंच काही बोलत राहिले. कुमुदताईंनी फोन बंद केला.

त्यांना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. विशाखानं ॲप्रन काढून खुंटीला अडकवला. "येते मी नागपूरला," ती म्हणाली. "लोक वाट बघत बसणार नाहीत. त्यांचा रोग तर नाहीच नाही."

"तुझे उपकार कसे फेडू, विशाखा?"

"उपकार नको, मॅडम." ती दारात थांबली. "फक्त एक विचारू? रागावू नका. ते तुमचे भाऊ नसते, दुसरंच कोणी असतं, आमच्याकडचं कोणी... तर टोपली उघडली असती तुम्ही?"