एका किलोहून कमी

"ही खुर्ची माझी आहे."

तो दचकून उठला. नवा प्रोग्रामर, आल्या आल्या माझ्याच जागेवर बसलेला.

"माफ करा हं... खिडकी दिसली, बसलो."

"कामापेक्षा खिडकीच बघणार वाटतं!"

तो हसला, आणि मी उगाचच संगणकाच्या पडद्यात डोकं खुपसलं.

पुढे तो शेजारीच बसू लागला. त्यानं कोड लिहायचा, मी तपासायचा, मग दोघांनी भांडायचं. "तपासनीसबाई, एवढं रोखून माझ्या कोडकडेच बघता?" म्हणायचा. माझे कान तापायचे.

आमचं सॉफ्टवेअर नवजात बाळांच्या औषधाचा डोस ठरवायचं. नवी आवृत्ती त्या संध्याकाळी हॉस्पिटलला जायची होती, आणि दुपारी एक जुनी, नेहमी पास होणारी चाचणी नापास झाली. सगळ्यात लहान बाळाला डोस जास्त येत होता!

कुठल्या बदलानं? मी निम्मे बदल मागे घेतले, चाचणी चालवली – नापासच. उरलेल्यांतले निम्मे काढले – पास. म्हणजे चूक आत्ता काढलेल्यांत. असं करत करत एकच बदल उरला...

त्याचा. त्यानं वजन पूर्ण किलोत धरलं होतं. एका किलोहून कमी भरणारं बाळ सरळ एक किलोचं झालं होतं.

त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "जुनाट चाचणी आहे. वगळ ती, आणि पाठव."

"नाही वगळणार, सर. डोस खरंच चुकतोय."

"कुणाच्या बदलानं?"

मी पडद्यावरचा तो बदल घाईनं बंद केला.

"माझ्या," तो उभा राहिला. "सर, हे आज जाऊ देऊ नका."

"नोकरी कायम होणं लांबेल तुझं."

"लांबू दे."

साहेबांनी हॉस्पिटलला फोन लावून 'आज नाही जमणार' असं कळवलं.

त्यानं दुरुस्ती केली. मी सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या, सगळ्या पास. जिन्यात त्यानं मला गाठलं.

"माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगवेना. आणि त्याचीच भीती वाटली मला."

"भीती? कसली?"

"तुम्ही मला इतके आवडता... याची."

तो एक पायरी खाली आला. आमचे डोळे समोरासमोर आले.

"मग निदान," तो हळूच म्हणाला, "आता तरी मला 'तू' म्हण."