नऊ नंबरची खुर्ची

पहिल्याच दिवशी उन्नती चुकीच्या खुर्चीवर बसली, आणि सगळं तिथूनच सुरू झालं बघा.

भिवंडीत तात्यांच्या कापडाच्या लूमच्या शेडवर पत्र्याचा मजला आहे ना, तिथे कॉम्प्युटर क्लास. दुपारची बॅच. खाली लूम चालू असले की वरची फरशी पायांतून खटखटते, बाटलीतलं पाणीसुद्धा थरथरतं. उन्नती वडप्याहून रिक्षा बदलत बदलत उशिरा पोचली. कोपऱ्यातलं नऊ नंबरचं मशीन रिकामं दिसलं, तिथे बसली... आणि ताडकन उठली. खुर्ची कोमट होती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

काळ्या स्क्रीनवर एकच ओळ होती.

आपला नंबर कोणता?

पुढे ती बारीक पांढरी रेघ. लुकलुकत, वाट बघत.

उन्नतीने भीत भीत सात टाकला.

तू ती नाहीस, स्क्रीनवर आलं. आणि खाली परत — आपला नंबर कोणता?

"तिथे नाही बसायचं."

तिने वळून बघितलं. एक मुलगा उभा होता. खांद्यावर वायरचं भेंडोळं, केसांत सुताची धूळ, आणि डोळे असे, की रागावलाय की घाबरलाय तेच कळेना.

"मग पाटी लावा ना," उन्नती म्हणाली. "आमच्याकडे गोडाऊनच्या कुत्र्याचीपण पाटी असते."

"काय लिहू पाटीवर?"

"इथे कोणीतरी बसलेलं हाय म्हणून. खुर्ची गरम हाय."

त्याला हसू आलं होतं, पण ओठांपर्यंत येऊन ते परत गेलं. "मशीनच्या पंख्याची हवा लागते," तो म्हणाला. "तू आठवर बस."

हा आल्हाद. तात्यांचा धाकटा मुलगा. क्लासचं कुलूप, वायरी, पंखे, सगळं तोच बघायचा.

मग काय, आठ नंबर उन्नतीचा झाला. आणि रोज आल्हादला नेमकी तिथलीच वायर ढिली दिसायला लागली.

"काल तर घट्ट केली होतीस."

"खालच्या खटखटीने ढिली होते."

"बाकीच्यांची न्हाय होत?"

"बाकीचे नीट बसतात. तू पाय हलवतेस."

"म्हणजे तू माझे पाय बघतोस."

यावर आल्हाद टेबलाखाली शिरला, तो बराच वेळ बाहेरच आला नाही.

पण मजा सगळी लाईट असेपर्यंत. लाईट गेली की लूम एका झटक्यात थांबायचे, आणि अशी शांतता पडायची की आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटावा. लाईट आली तरी सगळी मशीन काळीच. फक्त नऊ नंबर... बटणाला कुणी हात न लावता उजळायचं आणि विचारायचं, आपला नंबर कोणता? मॅडमसुद्धा त्या कोपऱ्यावरून मान वळवून जायच्या. आणि आल्हाद मात्र तिथेच बघत उभा. अशा वेळी उन्नतीने हाक मारली तरी त्याला ऐकू जायचं नाही.

एकदा जिन्यात चहा पिताना तिने सरळ विचारलं. "कोण बसतं रे तिथे?"

आल्हादने कपात बघत सांगितलं. "माझा भाऊ. प्रितेशदादा. तोही इथेच शिकत होता, नवीन नवीन. सुकन्या म्हणून एक मुलगी होती बॅचला, गणेशपुरीची. दोघं पहिल्यांदा त्या मशीनवर भेटली. तर त्याने तिच्यासाठी हा प्रोग्राम लिहिला. मशीन चालू झालं की आपोआप विचारणार. तिने नंबर ओळखला की तिला काहीतरी सांगायचं होतं त्याला. तिला म्हणाला, सोमवारी ये. आणि रविवारी बायपासवर... कंटेनर."

उन्नतीचा चहा गार झाला.

"नंतर मीच तिला घेऊन आलो इथे. तिने नऊ टाकला. मशीन म्हणालं, तू ती नाहीस. परत टाकला, परत तेच. रडत गेली बिचारी. आता तिचं लग्न ठरवतायत, ती होच म्हणत नाही. आणि मला वाटतं, दादाच्या मनात दुसरीच कुणी होती, आणि मी उगाच हिला..." तो थांबला. "पण ते विचारतंय ना, तोपर्यंत तो आहे. म्हणून मी कुठे जात नाही. कुणाला सोबत घेत पण नाही."

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं, ते उन्नतीला बरोबर कळलं. घरी आक्काने, मोठ्या बहिणीने, वाढलेलं जेवण त्या दिवशी तसंच राहिलं.

मग एका दुपारी उन्नतीचाच प्रोग्राम चुकला. वय विचारायचं, अठरा असेल तर 'बरोबर' म्हणायचं. ती अठरा टाकतेय, मशीन म्हणतंय चूक. परत अठरा, परत चूक.

मॅडम वाकल्या. "अगं, कीबोर्डवरून आलेलं सगळं मशीन अक्षरं म्हणून घेतं. तू ते अठरा या आकड्याशी ताडून बघतेयस. त्याच्या लेखी अक्षर वेगळं, आकडा वेगळा. कधीच जुळणार नाही. आधी आकड्यात बदल. सगळे नवे हीच चूक करतात."

सगळे नवे...

उन्नतीच्या मानेवरून गार काहीतरी सरकलं. तिने हळूच नऊकडे बघितलं. रेघ लुकलुकत होती.

बॅच सुटल्यावर तिने आल्हादला थांबवलं. "तुझा भाऊ तिला न्हाय म्हणाला नव्हता. त्याला फक्त आकड्यात बदलायचं राहिलं."

ऐकून आल्हाद पांढरा पडला. "हात लावू नकोस. दुसऱ्याने लूमवर लावलेला उभ्या धाग्यांचा ताणा आमच्यात कुणी कापत नाही. सगळे धागे तसेच राहतात, त्याच्या घरचं माणूस येईपर्यंत."

"मग घरचं माणूस तूच हायस. मी फक्त सांगते."

"आणि ते कायमचं गप्प झालं तर?"

उन्नतीला माहीत होतं, तसं झालं तर हा आपलं तोंडही बघणार नाही. तरी ती म्हणाली, "बस."

तो कोमट खुर्चीवर बसला. खाली लूम खटखटत होते. तिने त्याला चालू प्रोग्राम थांबवायचं बटण दाखवलं. त्याचं बोट बटणावरच अडलं, तशी तिने आपलं बोट त्यावर ठेवलं. मग आतल्या ओळी उघडल्या. चुकीची जागा तिने दाखवली, आकड्यात बदलणारी तीन अक्षरं आणि कंसाची जोडी त्याने टाकली. पुढचं उत्तर वाचायच्या आधी दोघांनीही डोळे मिटले. ते त्यांचं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी आल्हादच्या निरोपावरून सुकन्या एसटीने आली. बारीक, शांत मुलगी. नऊ नंबरसमोर बसली आणि एक क्षण डोळे मिटून राहिली, कुणी खांद्यावर हात ठेवला असावा तशी. मग तिने नऊ टाकला.

आलीस? मग मशीन बंद कर आणि खाली ये. मी उभा आहे.

सुकन्याने डोळे पुसले, मशीन बंद केलं... आणि त्याच क्षणी खालचे सगळे लूम थांबले. लाईट गेली होती. एवढंच. लाईटच गेली होती.

त्या शांततेत ती जिना उतरत गेली, मागे न बघता. खालून तिचा आवाज आला, हळू, शेजारी चालणाऱ्याशी बोलावं तसा. मग तोही लांब गेला. "आता मी हो म्हणेन घरी," एवढं मात्र ती फाटकाजवळून वर आल्हादला हाक देऊन सांगून गेली.

लाईट आली. लूम सुरू झाले. नऊ नंबर काळंच राहिलं.

उन्नतीने खुर्चीवर तळवा ठेवला. गार होती. लोखंडासारखी गार.

शेजारी आल्हाद उभा होता. त्याने तिचा तोच हात उचलून आपल्या हातात घेतला. त्याचा हात मात्र कोमट होता, आत्ताच कुणीतरी सोडल्यासारखा.

"उन्नती," तो म्हणाला, "आपला नंबर कोणता?"

"आठ. तूच तर बसवलंस." तिने हात त्याच्या हातातच राहू दिला. "आकडा सांगू की अक्षरात?"

"कसाही सांग," आल्हाद म्हणाला. "मी ओळखेन."